निळ्याला सोबत

माझ्या सासूबाईंना, चंद्रभागाबाईंना, एका जागी बसणं म्हणून माहीत नव्हतं. मी त्यांना आत्या म्हणते. वारंगा फाट्यावर आमचं बॅटऱ्यांचं दुकान आणि दुकानामागं दोन खोल्या. आत्या या खोलीतून त्या खोलीत, तिथून दुकानात, दुकानातून रस्त्यापर्यंत, की पुन्हा आत. मी भाकरी थापत असले की पाठीशी येऊन उभ्या राहायच्या. काय पाहिजे विचारलं की "काई न्हाई" म्हणायच्या आणि निघून जायच्या. आत्यांचा पाय खाटेला बांधून ठेवावा असं मला कितीदा तरी वाटलं.

तसा त्यांचाही काय दोष? सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. सेनगावकडं आमच्या गावाबाहेर माळावर त्यांचं लहानसं घर आहे, पण तेही पावसाळ्यापुरतं. एरवी आज या शेतात खतासाठी मेंढरं बसवायची, उद्या त्या. सासरे गेले तेव्हा माझ्या मालकांनी, शिवहारांनी, मेंढरं विकून टाकली आणि आईला इकडं आणलं. तेव्हापासून आत्यांचं एकच पालुपद, मला माळावर नेऊन सोड. एकदा तर कुणाला न सांगता हिंगोलीच्या जीपमध्ये बसून निघाल्या. ह्यांनी मोटरसायकल पळवून कळमनुरीत जीप गाठली आणि त्यांना परत आणलं.

ह्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "माय, तूच म्हनायचीस ना, कळपातून फुटलेलं मेंढरू जगत न्हाई? मग तू एकली कशी राहशील?"

ते त्यांचंच म्हणणं होतं. एकलं राहिलेलं जनावर चारा सोडतं, कोपरा धरतं आणि झुरून मरतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. स्वतःच्या शब्दांत अशा अडकल्यावर त्या रागानं रस्त्याकडं तोंड करून उभ्या राहायच्या.

दोन हजार सहाच्या सुमाराला हे बॅटऱ्या आणायला नांदेडला गेले आणि बॅटऱ्यांबरोबर काचेची एक पेटी घेऊन आले. पेटीत एक निळाशार प्राणी. मासे आणायचे सोडून हे काय ध्यान आणलं म्हणून मी कपाळाला हात लावला.

ते काय आहे यावर दोन दिवस दुकानात नुसता गोंधळ. ट्रकवाले म्हणाले, पाण्यातला विंचू. मी म्हटलं, खेकडा. कुणी म्हणालं, दांडगा झिंगा. आत्या मात्र काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"खेकडा कसा आसंल? खेकडा आडवा चालतो अन् शेपूट पोटाखाली दुमडून ठिवतो. ह्याचं तर मागं पसरलंय. झिंग्याला आशा जाडजूड नांग्या कुठं असतात? अन् विंचवाची नांगी शेपटाला, ह्याच्या शेपटाला तर पंखा हाय."

"मग हाय तरी काय?" ह्यांनी विचारलं.

"मला काय ठावं? निळं हाय. निळ्या म्हना."

नांदेडच्या शोभेच्या माशांच्या दुकानदारानं त्याचं नाव क्रेफिश सांगितलं होतं. समुद्रातल्या लॉबस्टरचा हा गोड्या पाण्यातला भाऊबंद, म्हणून पाण्यात मीठ टाकायचं नाही, एवढं ह्यांनी बरोबर लक्षात ठेवलं होतं. बॅटरीतलं डिस्टिल पाणीही चालत नाही. ज्या हापशाच्या पाण्यानं माझी भांडी पांढरी पडतात तेच त्याला मानवतं, त्यातल्या क्षारांनी म्हणे कवच भक्कम होतं. लपायला पाइपचा तुकडा, तळाला धुतलेली रेती, खायला उकडलेली पालेभाजी आणि मधूनच माशाचा तुकडा. लाइट तासन्‌तास जायची, पण दुकान बॅटऱ्यांचं, त्यामुळं त्याचा हवेचा पंप इन्व्हर्टरवर सुरूच. म्हणजे आम्ही घामानं निथळणार आणि साहेब गारेगार!

आणि नवल असं, की आत्या बसायला लागल्या. तासभर, कधी त्याहून जास्त, पेटीसमोर फरशीवर मांडी घालून. निळ्या रेती उकरायचा, खडे इकडून तिकडं न्यायचा, काचेवर चढायला बघायचा. एकदा हवेच्या नळीला धरून वर चढला आणि झाकणाच्या फटीतून पसार झाला. सगळं दुकान पालथं घातलं, तर हा जुन्या बॅटऱ्यांमागं धुळीत माखून बसलेला. आत्यांनी पाठीमागून अलगद धरून त्याला पाण्यात सोडला आणि झाकणावर वीट ठेवली. हे खूश झाले. आईचं मन रमलं, आता माळाचं नाव निघणार नाही, असं मला कौतुकानं सांगत होते.

मग एक दिवस निळ्यानं खाणं सोडलं. पाइपमध्ये शिरून बसला तो बसलाच. भाजी तशीच, माशाचा तुकडा तसाच.

"झुरून राहिलं ते," आत्या म्हणाल्या. त्यांचा चेहराच उतरला होता. "एकलं हाय. ह्याला सोबत आन."

दुकान सोडून हे निघेनात, तशी आत्यांनी खोल्यांतून येरझारा सुरू केल्या, त्या थांबेनात. भाकरीचा तुकडाही गोड लागेना त्यांना. शेवटी हे त्यांना घेऊन नांदेडला गेले, मीही गेले. दुकानदारानं सगळं ऐकून घेतलं आणि हात जोडले.

"मौसी, इसकू अकेलाच रखो. वो कात टाकनेवाला है, इसलिए छुपके बैठा. दूसरा डाले तो मार डालेगा."

"तू जनावरं इकतोस बाबा," आत्या म्हणाल्या, "मी वाढविलेत." आणि तसलंच एक धाकटं निळं पिशवीत घेऊन आल्या. ह्यांनीही अडवलं नाही. मेंढरांच्या बाबतीत आत्यांचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता ना!

धाकट्याला पाण्यात सोडलं, तर तो एका कोपऱ्यात गुमान बसला. आत्यांना हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी धुणं वाळत घालत होते आणि आतून त्यांची हाक ऐकू आली. तशी हाक मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

पेटीत निळ्याचं अख्खं कवच रिकामं पडलं होतं, मिशांसकट, नांग्यांसकट. त्याच्या शेजारी निळ्या स्वतः, नुकती कात टाकलेला, लोण्यासारखा मऊ, पाय हलवायचीही ताकद नसलेला. आणि धाकटा त्याच्या अंगावर चढून त्याला खात होता. आत्यांनी वीट ढकलली, हात पाण्यात घातला. धाकट्यानं त्यांचं बोट असं धरलं की पाणी लाल झालं. सोडवून बाहेर काढेपर्यंत निळ्यात काही उरलं नव्हतं.

मी बोटाला हळद लावत होते आणि त्या रडत होत्या. सासरे गेले तेव्हाही त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या. "माझ्या हातानं मारलं गं मी त्याला," एवढंच म्हणत होत्या. त्यांच्यावर चिडायची मला सवय होती, धीर द्यायची नव्हती.

धाकटा तेवढा राहिला. मजेत राहिला. एकट्यानं सगळी पेटी फिरायचा, निळ्याचं रिकामं कवचही त्यानं खाऊन टाकलं. आत्या आता बसून नाही, उभ्या उभ्या बघायच्या आणि पुन्हा रस्त्यापर्यंत जाऊन यायच्या. मला भीती वाटायला लागली की या पुन्हा एखाद्या जीपमध्ये बसतील.

तसं झालं नाही. आठवड्याभरानं हे एका गिऱ्हाइकाच्या बॅटरीत पाणी भरत होते तेव्हा त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"शिवहारा, मी चुकले रे."

"जाऊ दे माय. मी दुसरं आनून देतो."

"दुसरं नगं. मी त्याचं न्हाई बोलून राहिले. मेंढराचं मेंढराला. समद्याच जिवाला सोबत लागती असं न्हाई. माझंच बोलनं धरून तू मला हितं ठिवलंस. ते बोलनं माझ्यापुरतं खोटं हाय. मला माळावर एकलीला बरं वाटतं. हितं तुमच्यात राहून मी सुकून चालले."

मी दारात उभी होते. तुमच्यात राहून, हे शब्द मला झोंबले. इतकं करूनही शेवटी हेच ऐकायचं, असं वाटलं आणि हे आता चांगलेच भडकणार म्हणून मी पुढं झाले.

हे भडकले नाहीत. हातातला डबा खाली ठेवला आणि तिशी ओलांडलेला हा बाप्या माणूस गिऱ्हाइकासमोर लेकरासारखा बोलायला लागला.

"तुला लागत न्हाई सोबत. मला लागती, माय. बाबा गेले, मेंढरं गेली. तू बी गेलीस तर मला भेव वाटतं. म्हून धरून ठिवलं तुला. तुझ्यासाठी न्हाई."

आत्यांनी पट्टी बांधलेला हात त्यांच्या डोक्यावरून फिरवला.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "न्हाईतर इतके दिस मी राहिले असते व्हय?"

ह्यांनी बॅटरीचं झाकण घट्ट लावलं, हात धुतले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "सीमा, मायचं गाठोडं बांध."