गांजाच्या अर्जावरचा पहिला अंगठा

खर्डीला उतरलो तेव्हा पिशवीत सह्यांच्या कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा होता. गांजा कायदेशीर करावा, त्यावर सरकारचे नियम नि परवाने असावेत, अशा अर्जावर सह्या गोळा करायला मी निघालो होतो. कल्याणच्या आमच्या निवृत्त मास्तरांच्या बैठकीत या विषयावर सगळ्यांत मोठ्याने मीच बोललो होतो. साहजिकच घोंगडं माझ्याच गळ्यात पडलं.

शेणव्याच्या वाटेवर रिक्षावाल्याला भीतभीत विचारलं. तो म्हणाला, "दुकानात मिळू दे, वय बघून देऊ दे. आता लपून घेतात, त्यात काय मिसळतात कुणाला ठाव." मी तक्ता पुढे केला. त्याने नजर रस्त्यावर ठेवली. "नाय दादा. सही नाय."

शेणव्याला खळ्यावर भात झोडणं चाललं होतं. तिथल्या शेतकऱ्यानेही मान डोलावली. "नियम पायजेतच. पोरांच्या हाती नको. पण आमी नाव दिलं तर पयली जीप आमच्याच दारात येल." दुपारपर्यंत माझ्या बाजूने सगळे होते आणि कागदावर कोणी नव्हतं. खरं सांगायचं तर मला हायसंच वाटत होतं.

धसईच्या पलीकडे गावाबाहेरच्या एका पाड्यावर मंगळीबाई भेटल्या. पडवीत पाय पसरून गुडघ्याला हिरवट तेल चोळत होत्या. कसलं तेल म्हणून विचारलं.

"मागं झाड हाय, त्याचा पाला कढवते. जन्म चिखलात वाकून गेला, आता गुडघा धरतो."

मी अर्ज वाचून दाखवला. त्यांनी सरळ अंगठा पुढे केला. दिवसातला हा पहिलाच. शाईचा ठसा उमटल्यावर त्यांनी शेवटच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं काय?"

"अभिप्राय. तुमचं म्हणणं."

"मग लिव. परसात तुरीच्या आड गांजाचं एक झाड हाय. घर पाणवठ्याच्या वर, उंबराखाली."

"मावशी, एवढं कशाला?"

"अंगठा दिल्यावर खोटं कशाला? आन् घर सांगितल्याबगर नाव कुणाचं ते कसं कळंल?"

जन्मभर शुद्धलेखन घालणारा मी, त्या सांगत गेल्या आणि मी लिहीत गेलो. निघताना त्यांनी तांदळाच्या दोन भाकऱ्या नि लसणाची चटणी पळसाच्या पानात बांधून दिली.

एसटीत बसल्यावर तो रकाना पुन्हा वाचला. झाड, तूर, पाणवठा, उंबर. मी त्या बाईला पकडून देण्याचा नकाशाच काढला होता, तोही सुवाच्य अक्षरात.

मुरबाडच्या अलीकडे पोलीस गाड्या थांबवून पिशव्या तपासत होते. मी तो तक्ता घडी करून दोन भाकऱ्यांच्या मध्ये सारला.

हवालदाराने पिशवीतल्या कोऱ्या तक्त्यावरचा अर्ज सावकाश वाचला. "गांजा खुला करा म्हणताय?"

"नियमात आणा म्हणतो," मी पुटपुटलो.

"अर्ज करा की. पण एकाची पण सही नाय?"

"देत नाही कोणी."

"तुमची कुठाय मग?"

खरंच नव्हती. सकाळपासून एकाही तक्त्यावर मी स्वतःचं नाव घातलं नव्हतं. त्याने पळसाचं पान उचलून वास घेतला. "लसूण लय घातलाय," म्हणून पुडकं परत केलं आणि तो मागच्या बाकाकडे गेला. कल्याण येईपर्यंत मी ते मांडीवरून हलवलं नाही.

घरी पान सोडलं. कागद चटणीने तेलकट झाला होता, अंगठा मात्र तसाच स्पष्ट होता. गॅसवर तो जाळताना मला लाज वाटली. मंगळीबाईंनी दिलेला होकार मी त्यांनाच वाचवायला जाळत होतो.

मग कोरा तक्ता घेतला. पहिल्या ओळीत माझं नाव लिहिलं, खाली सही केली. पुढे चाळीचं नाव, मजला, खोली, जिन्याजवळचा पिंपळ, सगळं त्यांच्यासारखं नीट लिहिलं. अभिप्रायाच्या रकान्यात पेन टेकवलं आणि दाराची कडी लागली आहे ना, ते बघायला उठलो.