शेवेच्या डब्यात जवस

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तर नाहीच नाही. कित्येक वर्षं मी सकाळी दोनदा नाश्ता करत होतो. एकदा घरी, तिच्यासमोर. मग ऑफिसला जाताना परदेशीपुऱ्याच्या वळणावर स्कूटर लावून पोहे आणि जलेबी.

यात काय एवढं, असं इंदूरच्या माणसाला वाटेल. इथे पोहे-जलेबी न खाणाऱ्याचीच तब्येत विचारतात. पण आमच्या घरात तेव्हा माझ्याच ताकदीचा प्रश्न निघाला होता.

पन्नाशी जवळ आली तशी मला दुपारी झोप अनावर व्हायला लागली. जेवण झालं की स्क्रीनवरचे आकडे पोहायला लागत. शेजारच्या टेबलावरचे सहकारी म्हणायचे, "भिया, खाना खाया नी के तुम्हारी बैटरी गई! चार्जर घर भूल आए क्या?" सगळे हसायचे, मीही हसायचो. घरी आलो की सोफा. संध्याकाळी दोघांनी बगिच्यात चालायला जायचं ठरलेलं. ती चपला घालून दारात उभी, आणि मी म्हणायचो, "उद्या नक्की."

तिने मला डॉक्टरांकडे नेलं. रिपोर्ट सगळे नॉर्मल. "बस, खाने पर ध्यान दीजिए," डॉक्टर म्हणाले. बायको शाळेत शिकवते. ध्यान द्यायचं म्हणजे काय ते तिला सांगावं लागत नाही. मैद्याचं सगळं घरातून गेलं. डब्यात ज्वारीची भाकरी, मोडाच्या मुगाची उसळ, पालेभाजी, ताक. सकाळी दुधात नाचणीचं सत्त्व. आणि शेव बंद.

शेव बंद हे इथल्या मराठी घरात सोपं नाही. आमच्याकडे वरणभातावरही शेव पडते. पुण्याचे पाहुणे बघत राहतात. बायकोला तर शेवेशिवाय घास उतरत नसे, माहेरी तिला त्यावरून चिडवत. पण शेव समोर दिसली की माझा हात जाणार, म्हणून तिने ती सगळ्यांसाठीच बंद केली. टेबलावरचा स्टीलचा मोठा डबा घासून, उन्हात वाळवून त्यात भाजलेलं जवस भरलं.

"घरातच नसली की खावीशी वाटत नाही," ती म्हणाली.

मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी वळणावर पोहेवाल्याला सांगितलं, "भिया, शेव जरा ज्यादा डालना."

ऑफिसचा डबा मात्र घरी रिकामा न्यावा लागे, कारण आल्याबरोबर ती आधी तो उघडून बघायची. म्हणजे पोटात पोहे-जलेबी, त्यावर भाकरी, उसळ, ताक. झोप येणार नाही तर काय! रिकामा डबा आणि माझे मिटणारे डोळे बघून तिने हिशेब लावला, की खाणं कमी पडतंय. मग डब्यात डिंकाचा लाडू आला. मग खजूर. ती वाढवत गेली, मी पेंगत गेलो.

एकदा डबा घासताना, पाठमोरीच, ती म्हणाली, "माझ्याच स्वैपाकात दम नाही की काय, कोण जाणे."

मी पेपर वाचत होतो. मी पान उलटलं.

मग पोहेवाल्याच्या घरी लग्न निघालं आणि तो गाडी बंद करून गौतमपुऱ्याला गेला. दुसरीकडे जाता आलं असतं, गाड्यांना इथे काय तोटा! पण पोह्यांवर तो भुरभुरायचा त्या मसाल्याची, त्याच्या हातच्या जिरावनची, सवय लागलेली. रुसल्यासारखा मी सरळ ऑफिसात गेलो. पहिल्या दिवशी जेवणाआधीच पोटात कावळे ओरडले. लाडू तेव्हाच खाल्ला, आणि तो काय गोड लागला! दुपारी भाकरी मोडली तेव्हा उसळीत ती ओली हळद किसून घालते हे मला पहिल्यांदा कळलं. इतके दिवस मी तो डबा नुसता रिकामा करत होतो.

त्या आठवड्यात दुपारी झोप अशी आलीच नाही. "क्या बात है भिया, फुल चार्ज!" शेजारून आवाज आला. संध्याकाळी घरी शिरताच मीच म्हणालो, "चल, बगिच्यात जाऊ." ती माझ्याकडे बघतच राहिली. चपला शोधताना तिचीच धांदल उडाली.

बाकावर बसल्यावर म्हणाली, "अहो, जवस लागू पडलं बघा! एकदम फ्रेश दिसताय."

मी हो म्हणालो. तिने ते बहिणीला फोन करून सांगितलं, स्टाफरूममध्ये सांगितलं.

पोहेवाला परतला. मी एकदा गेलो, हाफ प्लेट घेतली, जलेबी नको म्हणालो.

"क्या साब, नाराज हो गए?"

"नी भिया, नाश्ता घर पे हो गया."

त्या वळणावर उभं राहून बोललेलं ते माझं पहिलं खरं वाक्य असावं. पुढे जाणं सुटलं ते सुटलंच.

आता दिवस चांगले आहेत. भूक वेळेवर लागते, डबा चवीने संपतो. रोज चालतो, ती शाळेतल्या गमती सांगते. असंच गप्प राहून निभावलं असतं. पण परवा तिच्या मैत्रिणीकडे गेलो होतो. बश्यांतून उसळ आली, वर शेव. बायकोने चमच्याने ती सगळी कडेला सारली.

"अगं, तू आणि शेव नाही?" मैत्रीण म्हणाली.

"यांनी सोडली ना, मग मी एकटी कशी खाऊ? साथ द्यायला नको?"

बोलताना तिने माझ्याकडे पाहिलं, कौतुकाने.

तिचा स्वैपाक पहिल्या दिवसापासून बरोबर होता. दोष डब्यात नव्हता, वळणावर होता. हे इथे लिहून झालं, तिला सांगून झालेलं नाही. तेवढं सांगणं मी तिचं देणं लागतो, आणि तिची शेव.