परकी ठरलेली किडनी

माझी एक किडनी धाकट्या भावाच्या पोटात होती. फौजेतून रिटायर होऊन तो कुंडलला आला आणि दोन वर्षांत त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. माझी जुळली. सांगलीत ऑपरेशन झालं. "आक्का, आता निम्मा मी तूच की," असं तो येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर म्हणायचा.

मी मलकापूरला शाळेत विज्ञान शिकवते. परकी पेशी दिसली की आपल्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉन नावाचं रसायन सोडतात, हे पोरांना किती वेळा सांगितलं असेल. उसात डुक्कर शिरलं की एकजण हाळी देतो आणि अख्खी वस्ती काठ्या घेऊन धावते, तसं ते. पण या हाळीला बहीण-भाऊ कळत नाही. म्हणून तर ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या भावाला जन्मभर घ्यायच्या होत्या.

आठ महिने बरे गेले. मग त्याचे पाय सुजले. मी कुंडलला गेले, तर भावजय गॅसवर गुळवेलीचा काढा उकळत होती.

"कवापासनं देतीयास?"

"दवाखान्यातनं आल्यापासनं, वन्सं. रोज सकाळी. कोरोनात तुमीच म्हणाला हुता न्हवं, यानं प्रतिकारशक्ती वाढती म्हणून?"

म्हणाले होते. परसातल्या कडुलिंबावर ती वेलही मीच चढवली होती. ऑपरेशननंतर गोळ्यांचा तक्ता भिंतीला चिकटवला, पथ्यं लिहून दिली, आणि नेमकं काढा बंद कर म्हणायचं विसरले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

शरीर किडनी नाकारतंय, असं सांगलीचे डॉक्टर म्हणाले. काढ्यानंच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, पण द्यायला नको होता. भावजयीनं मान खाली घातली. मी तिथंच तोंड उघडायला हवं होतं. महागडी इंजेक्शनं झाली, उपयोग झाला नाही.

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस. पुन्हा द्यायला माझ्याकडे जादाची किडनी नाही, आणि वेल अजून तशीच हिरवीगार आहे. मला तिच्याकडे बघवत नाही.

परवा मी त्याच्या उशाशी बसले होते. तो म्हणाला, "आक्का, तुझी वस्तू मला संभाळता आली न्हाई बघ. माफ कर."

भावजय दारातच होती. तिनं माझं नाव घेतलं नाही. मीही माझं घेतलं नाही.