कोरी चकती

भवानीला कुणी "गप्प बस" म्हटलं की तिची जीभ हमखास सुटायची. मद्रासच्या ट्रिप्लिकेन वस्तीतल्या साऱ्या तंजावूरकर मराठी मंडळींना हे ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या डॉ. वेंकटरमण सरांना, आणि नेमके तेच तिच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक. प्रबंधावर त्यांची सही झाली नाही, तर तिची सगळी वर्षं पाण्यात.

विषय होता कुप्पैमेनी. उकिरड्यावर, गटाराकाठी कुठंही माजणारं रोपटं. महाराष्ट्रात तिला खोकली म्हणतात. मद्रासला घरोघर गळवावर तिचा पाला मिठाबरोबर वाटून लावायचे. भवानी तो पाला वाळवून स्पिरिटमध्ये भिजवायची, त्या अर्कात कागदाच्या बारक्या चकत्या बुडवायची आणि जंतू पेरलेल्या काचेच्या बशीत ठेवायची. अर्कात दम असेल तर चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ कडं उमटतं. तसं ते उमटलं, चांगलं ठसठशीत. सर असे हरखले की विचारू नका. लगोलग त्यांनी एका औषध कंपनीच्या साहेबाला चर्चासत्राचं आमंत्रण धाडलं.

पण भवानीनं त्याच बशीत एक कोरी चकतीही ठेवली होती, नुसत्या स्पिरिटची, पाल्याचा थेंब नसलेली. तिच्याभोवतीही तेवढंच कडं. आता घ्या! नोव्हेंबरातली मद्रासची ओली हवा, चकत्या वाळल्याच नव्हत्या. जंतूंना आवरलं होतं ते स्पिरिटनं, पाला बिचारा नुसता मान घेत होता. भवानीनं नव्या चकत्या गरम पेटीत खडखडीत वाळवून प्रयोग पुन्हा केला. कडं गायब. आणखी एकदा केला, तरी गायब. तिनं हे सरांना सांगितलं.

"कोरी चकती दाखवायची गरज नाही," सर म्हणाले. "चर्चासत्रात पहिल्या बशीतलं पाल्याचं कडं तेवढं मोजून सांग. बाकी मी बघतो."

म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. भवानीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी आईला, अन्नपूर्णाबाईंना, तिनं सगळं सांगितलं. बाई आधी तिच्यावरच उखडल्या. "माझ्या पाल्यानं शेजारच्या गुंडोचं गळू बसलं, ते काय लबाड?"

"बसलं असेल, आई. माझ्या बशीत ते दिसलं नाही, एवढंच मी म्हणते."

अन्नपूर्णाबाईंनी सांबाराखालचा जाळ कमी केला. मग म्हणाल्या, "तर तसंच सांग गे. माझ्या पाल्याला खोटा साक्षीदार नको."

चर्चासत्राच्या दिवशी भवानीनं तिन्ही बशा टेबलावर मांडल्या. भीती वाटत होती, आणि त्या भीतीचाच तिला जास्त राग येत होता. तिनं पहिली बशी उचलून कंपनीच्या साहेबापुढं धरली.

"हे कडं स्पिरिटचं आहे. शेजारची कोरी चकती बघा. चकत्या वाळवल्यावर, या दोन बशांत काहीच उमटलं नाही. कुप्पैमेनीचा हा अर्क या जंतूंवर चालत नाही."

साहेबानं बशी खिडकीकडं धरून निरखून पाहिली आणि शेजाऱ्याकडं सरकवली. सरांचा चेहरा लालबुंद झाला.

"भवानी, खाली बस."

ती उभीच राहिली.

"बस म्हणतो ना. तुझ्या प्रबंधावर सही कोण करणार आहे, विसरलीस?"

आता धमकीच द्यायची तर माणसानं चार भिंतींआड द्यावी. सरांनी ती भरल्या सभेत दिली. सगळ्या माना खाली गेल्या.

"विसरले नाही, सर," भवानी म्हणाली. "सही करू नका. मी पदवीवाचून राहीन. पण आज ही चकती लपवली, तर उद्या माझ्या कुठल्याच बशीवर माझा विश्वास उरणार नाही."

मग तिनं सरांकडं पाठ केली आणि सभेला विचारलं, "आणखी कुणाला काही विचारायचंय?"

मागच्या रांगेत एक हात वर झाला.