पाहणीत निवडून आलेले आमचे साडू

आमच्या साडूंइतका मतदानावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या कतारमध्ये नव्हता, आणि त्यांनी स्वतः आयुष्यात एकदाही मत दिलेलं नव्हतं. मतदानाचं वय व्हायच्या आतच ते चिपळूणहून निघून आखातात आले आणि दोह्यातल्या एका बांधकाम कंपनीत ड्राफ्ट्समन म्हणून चिकटले. रजा मिळे ती मे महिन्यात, आंब्यांची. आपल्याकडच्या निवडणुका कधी मार्चात, कधी जानेवारीत. त्यामुळे त्यांच्या बोटाला शाई लागली ती ड्रॉइंगचीच. मग या गृहस्थांनी काय करावं? आपला सगळा जीव अमेरिकेच्या अध्यक्षावर लावला. दर चार वर्षांनी तिकडे निवडणूक आली, की इकडे साडूंची झोप उडायची. ट्रान्झिस्टर कानाला लावून ते फेऱ्या मारायचे आणि बातम्या चालू असताना कुणी चमचा जरी वाजवला तरी "शूऽऽ" करायचे.

उमेदवारांशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं हो. त्यांचा खरा जीव मतदानाआधीच्या पाहण्यांवर. कोण येणार हे आधीच ओळखायची विद्या, आणि ती कशी फसते याच्या कथा! छत्तीस साली एका साप्ताहिकानं लाखो लोकांना विचारलं, पण ज्यांच्याकडे फोन आणि मोटारी त्यांनाच जास्त, आणि निकाल लागल्यावर साप्ताहिकाचं नाक कापलं गेलं. अठ्ठेचाळीस साली एका वर्तमानपत्रानं हरलेल्याला जिंकवून मथळाही छापून टाकला. या गोष्टी साडू अशा रंगवून सांगत, की जणू ते स्वतः तिथे चिठ्ठ्या मोजत बसले होते. "आपली माणसं विचारून उपयोग नाही रे," ते मला बजावत. "सगळ्या थरांतली पाहिजेत." म्हणून आमच्याकडे जेवायला दोन इंजिनियर आले, तर ते एकाला विचारून दुसऱ्याला सांगत, "तुम्ही राहू द्या, इंजिनियरांचं मत आलं." घरात भाजीसुद्धा पाहणी घेऊन ठरवायचा त्यांचा आग्रह. मेहुणी मात्र खमकी. "मतं काय द्यायची ती द्या, भेंडी झालीय," म्हणून ती पानं घ्यायला लागे.

ऐंशी सालच्या निवडणुकीत त्यांनी दोह्याच्या जुन्या बाजारात, सूक वाकिफमध्ये पाहणी केली. मला सोबत घेऊन गेले. मसालेवाला, हमाल, चहावाला, सगळ्यांना मोडक्या हिंदीत एकच प्रश्न, अमेरिकेत कोण येणार? रत्नागिरीकडचा एक कापडवाला होता, त्यानं आधी आम्हाला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं, "साहेब, तुम्हाला कोण हवाय?" साडूंनी सांगितलं. "मग तोच येनार, इन्शाल्ला!" पुढच्या दुकानातही हेच. संध्याकाळी साडू खुशीत म्हणाले, "बाजारात एकमत आहे." निकाल लागला तो नेमका उलटा, तोही एकतर्फी. पण तिकडचे भलेभले पाहणीवालेही 'घासून होईल' म्हणत बसले होते, त्यामुळे साडूंना वाईट वाटायच्या ऐवजी त्यांच्या पंगतीला बसल्याचा आनंदच झाला.

आता मुद्द्याचं सांगतो. आमचं एक छोटं मराठी मंडळ होतं. त्याचं अध्यक्षपद दरवर्षी "यंदा तुम्ही व्हा हो" म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारलं जायचं. साडूंनी हट्ट धरला, की यंदा रीतसर गुप्त मतदान झालं पाहिजे आणि मी उभा राहणार. गाडीत मला एकदा म्हणाले, "इतकी वर्षं इथे राहिलो. कंपनीला हवा म्हणून राहिलो. एकदा चार माणसांनी आपणहून म्हणावं, की हा आमचा माणूस. बस, एवढंच." पण निवडणुकीला दोन उमेदवार लागतात आणि दुसरा कुणी मिळेना. शेवटी साडूंनीच एका मुखदुर्बळ दंतवैद्याला हातापाया पडून उभं केलं. आणि मला निवडणूक अधिकारी नेमलं. "तू माझा साडू. तू मत द्यायचं नाहीस. लोक काय म्हणतील?" झालं! एक हक्काचं मत होतं, तेही स्वतःच्या हातानं घालवलं.

मग अर्थातच पाहणी. घरोघर जाऊन, कामगारांच्या कॅम्पातल्या सुतार-ड्रायव्हरांच्या खोल्यांत जाऊन विचारलं. सगळे म्हणाले, "तुम्हालाच!" आणि साडूंनी हळदीकुंकवाच्या दिवशी पाहणीचा निकाल जाहीर करून टाकला, आपण प्रचंड बहुमतानं येणार. दंतवैद्य बिचारा कोपऱ्यात तिळाचा लाडू चावत खाली बघत होता. तो चेहरा सगळ्यांनी पाहिला, आणि घात झाला.

शुक्रवारी मुऐदर भागातल्या एका व्हिलात मतदान झालं. चादरीचा आडोसा, दूध पावडरीच्या डब्याला भोक. डबा मी उघडला. पहिली चिठ्ठी दंतवैद्याची. दुसरीही. मी एकेक वाचत गेलो. सगळ्या चिठ्ठ्या दंतवैद्याच्या!

"पुन्हा मोज," साडू म्हणाले. मोजल्या. तेच.

मेहुणी रडायलाच लागली. "अहो, तुम्ही येणारच म्हणत होतात ना! म्हटलं, त्या बिचाऱ्याला एक तरी मत पडू दे." खोलीतल्या प्रत्येकानं, खुद्द दंतवैद्यानंसुद्धा, हेच केलं होतं. मी हळूच विचारलं, "पण तुमचं स्वतःचं मत?"

"आपलंच नाव लिहायला हात धजेना रे," ते म्हणाले. उठून त्यांनी दंतवैद्याला हार घातला आणि सगळ्यांत आधी टाळ्याही वाजवल्या. मला ते बघवलं नाही.

पुढच्या वर्षी सगळं मंडळ दंतवैद्यासकट त्यांच्या घरी गेलं. "यंदा तुम्हीच, बिनविरोध." साडूंनी चहा दिला, हात जोडून अरबीत आभार मानले. "शुक्रन, आलात हे खूप झालं. पण मला कुणीतरी पडद्याआड जाऊन, मी बघत नसताना निवडायला हवं होतं." त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. चौऱ्याऐंशीची अमेरिकेची निवडणूक कधी आली नि गेली, मला कळलंसुद्धा नाही.

काही वर्षांनी ते कायमचे गावी निघाले. विमानतळावर मला राहवेना. म्हटलं, "माझं मत तुम्हालाच होतं."

"न दिलेलं मत धरत नाहीत," ते हसून म्हणाले. ट्रॉली ढकलत थोडं पुढे गेले, थांबले, आणि परत आले. "पण खरंच दिलं असतंस?"

"हो," मी म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो. त्यांनी माझा खांदा थोपटला, जसा ते पाहणीत उत्तर देणाऱ्या प्रत्येकाचा थोपटत, आणि आत निघून गेले. तोंडावर सगळे 'हो'च म्हणतात, हे त्यांच्याइतकं आणखी कुणाला ठाऊक होतं?