सुभेदाराचं घागरबंड

लिंबाजी सुभेदार फौजेतून रिटायर होऊन गावी आला तो त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात. लातूर जिल्हा होऊन वर्षही झालं नव्हतं, आणि पाऊस जिल्ह्याच्या आधीच गायब झालेला. टँकर मागायला गेलं की जुन्या जिल्ह्यातला कारकून म्हणे, तुम्ही आता आमचे नाही. नव्यातला म्हणे, तुमचे कागद अजून आले नाहीत.

घरी बायकोचा, भामाबाईचा, पाय मुरगळलेला. तिनं सरळ सांगितलं, "पाणी आणा, मंग चहा." चहाविना सुभेदाराचा तिसरा दिवस होता.

रोज गावावरून मकसूदचा छोटा, गळका टँकर जायचा, नव्या विश्रामगृहाच्या भिंतींवर पाणी मारायला. सुभेदार दोन घागरी घेऊन आडावर गेला आणि म्हणाला, "चोवीस वर्षं सरकारची चाकरी केली. आता बंड. टँकर अडवायचा. चला."

आड कोरडा होता, तरी पाझरलं तर म्हणून बायांनी घागरींची रांग लावलेली. कुणी हललं नाही.

"नंबर जाईल की भाऊजी," नागुबाई म्हणाली. "माझा पैला हाय."

"आडात पाणी न्हाई, नंबर कशाचा?"

"पाणी नसंना. नंबर हाय."

सुभेदारानं बराच विचार केला आणि हुकूम बदलला: घागरींसकट चला, नंबर मोडायचा नाही. चाळीस बाया एकामागं एक निघाल्या. इतकी सरळ रांग त्यानं फौजेतही पाहिली नव्हती. सगळ्यात पुढं तो.

मकसूदनं टँकर थांबवला. "लगीन हाय का?"

"बंड हाय. उतर."

मकसूद उतरला, नळी काढून दिली आणि बिडी पेटवली. "घ्या. रोज भिंतीला पाजून राहिलो, ती तरी कुठं नाव काढते."

सुभेदारानं घागर नळीखाली धरली. नागुबाईनं ती हळूच बाजूला सारली.

"तुमचा नंबर कुठाय?"

"मी म्होरक्या हाय. पुढं चालत आलो."

"पुढं चाललं म्हणून नंबर लागत न्हाई. आडावर घागर कवा लावली व्हती?"

लावली नव्हती. नंबर मोडायचा नाही, हा हुकूमही त्याचाच. तो मुकाट्यानं शेवटी जाऊन उभा राहिला.

चाळिसाव्या बाईची घागर भरली आणि नळी गुरगुरून थांबली. मकसूदला कीव आली. टँकरला अडकवलेली पिण्याच्या पाण्याची कापडी छागल त्यानं सुभेदाराच्या घागरीत उपडी केली. पेलाभर पाणी निघालं.

भामाबाईनं घागर कलती करून आत पाहिलं. मग लंगडत चुलीपाशी गेली. चहा एकच कप झाला. अर्धा तिनं बशीत ओतून घेतला.

"उद्या बंड कवा हाय?" तिनं विचारलं.

"दहाला."

"मंग सहालाच घागर लावून या."