काचेवरची टकटक

घरी आणल्यावर दोन महिन्यांनी माझ्या बोटाएवढ्या सिक्लिड माशांची जोडी जमली. टाकीतल्या करवंटीत मादीने अंडी घातली आणि ती नरालाही जवळ फिरकू देईना. रविवारी नवऱ्याच्या आत्या आल्या. मी नको म्हणत असतानाही त्यांनी अंगठीने काचेवर टकटक केलं. तासाभरात भेदरलेल्या मादीने स्वतःचीच अंडी खाऊन टाकली.

"मासेच ते, पुन्हा घालतील," आत्या हसल्या. "तुझं काय? काही गोड बातमी?"

माझं डोकंच फिरलं. दोनदा माझा गर्भ पडला, तरी प्रत्येक सणाला ही माणसं अशीच टकटक करून जातात. आत कुणी भेदरलंय, हे त्यांच्या गावीही नसतं.

"हे पुन्हा विचारायचं नाही!" मी ओरडलेच.

"अगं, मोठ्या आहेत त्या," नवरा म्हणाला.

"आणि तू? तू इतकी वर्षं गप्प का बसलास?"

त्याने मान खाली घातली, तेव्हा मला आत्यांपेक्षा त्याचाच जास्त राग आला.